संततधार पाऊस : जमीन पाणी नाकारते तेव्हा

पाऊस आठ दिवस लागून राहिलेला असतो. पहिल्या दिवशी १०० मिलिमीटर पडतो, अंगणात साचलेलं पाणी दोन तासांत मुरून जातं आणि आपण भजी तळायला घेतो. आठव्या दिवशीही तेवढाच पाऊस पडतो, पण या वेळी घरामागचा ओढा पायऱ्या चढून वर येतो. मग दारात उभं राहून सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, ‘अहो, काल-परवाही एवढाच पडला होता, तेव्हा कुठं काय झालं?’

या प्रश्नाचं उत्तर आभाळात शोधून सापडत नाही. ते पायाखालच्या मातीत असतं. पहिल्या दिवशी ती माती कोरडी होती आणि आठव्या दिवशी तिच्यात थेंबभरही जागा उरली नव्हती. हवामान खात्याच्या अचानक पुराच्या इशाऱ्यात अशा वेळी पूर्ण संपृक्त जमिनीचा आणि सखल भागांचा हमखास उल्लेख असतो. हा ‘संपृक्त’ शब्द आपण पुस्तकी म्हणून सोडून देतो. प्रत्यक्षात घर सोडायचं की थांबायचं, हा निर्णय अनेकदा त्या एका शब्दावर अवलंबून असतो.

कुंडीतून बाहेर येणारं पाणी

बाल्कनीतल्या कुंडीला पाणी घालून पाहा. माती भुसभुशीत आणि जेमतेम ओली असेल तर तांब्याभर पाणी बघता बघता आत जातं. दुसरा तांब्या सावकाश जिरतो. तिसरा ओतला की पाणी काठावरून वाहून शेजाऱ्यांच्या बाल्कनीत जातं आणि खालून आवाज येतो. मातीच्या कणांमध्ये हवेच्या बारीक पोकळ्या असतात. पाऊस त्या पोकळ्या भरतो. त्या भरल्या की वरून येणारा प्रत्येक थेंब उताराच्या दिशेने पळू लागतो. (कुंडी महिनाभर सुकून दगडासारखी झाली असेल तर पहिलाच तांब्या काठावरून जातो. उन्हाळ्यात तापून घट्ट झालेल्या जमिनीवर पहिल्या वळवाचं पाणी असंच धावतं, पण तो वेगळा विषय.)

आता हिशेब करू. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. १०० मिलिमीटर पाऊस १ चौरस किलोमीटरवर पडला तर १० कोटी लिटर पाणी होतं, म्हणजे १० हजार लिटरचे १० हजार टँकर. कोरड्या जमिनीने यातले निम्मे टँकर पोटात घेतले तर ओढ्याच्या वाट्याला निम्मेच येतात. जमीन भरलेली असेल तर जवळजवळ सगळे येतात आणि तेही घाईने. पाऊस सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत येणाऱ्या अशा पुराला साधारणपणे ‘फ्लॅश फ्लड’ म्हणजे अचानक आलेला पूर म्हणतात. मोठ्या नदीचा पूर वरच्या गावातून निघून आपल्याकडे पोहोचेपर्यंत फोन करायला थोडा वेळ मिळतो. ओढ्याचा पूर ती सवलत देत नाही.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे केरळ, २०१८. त्या वर्षी १ जून ते १९ ऑगस्ट या काळात राज्यात सुमारे २,३४७ मिलिमीटर पाऊस झाला. त्या मुदतीची सरासरी १,६५० च्या आसपास आहे. जून आणि जुलै दोन्ही महिने सरासरीच्या पुढे होते, फार नव्हे, पण जमीन आणि धरणं भरायला पुरेसे. मग १५ ते १७ ऑगस्ट या तीन दिवसांत राज्यभर सरासरी ४१४ मिलिमीटर कोसळला. केंद्रीय जल आयोगाच्या अहवालानुसार त्यातलं सुमारे १,२०० कोटी घनमीटर पाणी वाहून निघालं. केरळच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहिलं तर पडलेल्या पावसाचा हा जवळपास पाऊण हिस्सा होतो. जमिनीने जेमतेम पाव हिस्सा स्वीकारला. ४०० हून अधिक माणसं गेली. तेव्हा सगळी चर्चा धरणांच्या दरवाजांभोवती फिरत राहिली. ती व्हायलाच हवी होती, पण त्या गदारोळात जून-जुलैने आधीच भरून ठेवलेल्या मातीचा विषय मागे पडला.

चेन्नईत २०१५ मध्ये हेच झालं. नोव्हेंबरात तिथे साधारण ४०० मिलिमीटर पाऊस अपेक्षित असतो, त्या वर्षी १,००० च्या वर पडला. तलाव, पाणथळ जागा, मोकळी मैदानं सगळं तुडुंब झालं. त्यावर १ डिसेंबरचा पाऊस आला. तांबरमला चोवीस तासांत ४९० मिलिमीटर. अड्यार नदी शहरात शिरली.

कोणती माती किती पाणी पिते, हेही सगळीकडे सारखं नसतं. मराठवाडा-विदर्भातली काळी कसदार जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिले पाऊस त्या भेगांतून खोलवर ओढून घेते. मग ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत जाण्याचा वेग अगदी मंदावतो. ज्या शेतात वाफसा यायला आठवडा लागतो, त्या शेतावर पुढचा मोठा पाऊस पडला तर तो बांध फोडूनच जाणार, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. सप्टेंबरातला पाऊस तिथे जास्त नुकसान करतो, त्यामागे हेही एक कारण आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ, खाली कातळ. तिथली जमीन लवकर भरते. भर पावसात कातळाच्या कडेने नवे उपळे फुटतात, तेव्हा जमीन ‘आता बास’ म्हणत असते.

आणि आपली शहरं? डांबर, सिमेंटचे रस्ते, पेव्हर ब्लॉक घातलेलं सोसायटीचं आवार. शहरातली जमीन वर्षाचे ३६५ दिवस संपृक्तच समजायची. चिखल नको म्हणून झाडांच्या बुंध्यापर्यंत फरशी घालणाऱ्या सोसायट्यांना आपल्या पार्किंगमध्ये पाणी का शिरतं, याचं आश्चर्य वाटतं, याचंच आश्चर्य वाटतं.

डोंगर सुटतो तेव्हा

सपाटीवर भरलेली जमीन पाणी नाकारते, उतारावर ती स्वतःच निघते. मातीच्या कणांमध्ये शिरलेलं पाणी कणांना एकमेकांपासून दूर लोटतं, त्यांची पकड सुटते आणि वजन तर वाढलेलंच असतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातलं माळीण असंच डोंगराखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं दगावली. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाच्या. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये गेलं, त्याच सुमारास वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं होतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही, एवढं तरी इर्शाळवाडीनंतर कळायला हवं.

वायनाडची ३० जुलै २०२४ ची पहाट अजून ताजी आहे. मुंडक्कई आणि चूरलमला या गावांवर डोंगर आला, तोही पुराच्या पाण्यासह, दगड आणि झाडं घेऊन. नंतर अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने नोंदवलं की त्या एका दिवसाचा १४० मिलिमीटरहून अधिक पाऊस आधीच भिजून चिंब झालेल्या मातीवर पडला होता. त्याच वायनाडमध्ये एका स्थानिक पर्यावरण संस्थेने जिल्हाभर पर्जन्यमापक बसवून रोजच्या पावसाची बेरीज ठेवली होती आणि त्या बेरजेवरून धोक्याची सूचना आदल्या दिवशीच दिली होती. म्हणजे साध्या मोजमापानेही काही तास हाती येऊ शकतात. ते वापरले जातात की नाही, हा पुढचा प्रश्न.

डोंगरउतारावर घर असेल तर पावसाच्या आवाजापलीकडे काही गोष्टींकडे लक्ष ठेवावं लागतं. अंगणात किंवा भिंतीत नवी भेग, अचानक घट्ट बसू लागलेले दरवाजे, कललेले विजेचे खांब, जिथे कधी पाणी नव्हतं तिथे फुटलेला झरा, नेहमीच्या स्वच्छ झऱ्याला आलेलं गढूळ पाणी. सगळ्यात फसवी खूण म्हणजे भर पावसात ओढ्याचं पाणी एकाएकी कमी होणं. आपल्याला हायसं वाटतं. पण वर कुठेतरी दगड-झाडांचा बांध पडून पाणी अडलेलं असू शकतं आणि तो फुटला की सगळं एकदम येतं. अशा वेळी ओढ्याच्या बाजूने खाली पळायचं नाही. प्रवाहाच्या वाटेपासून आडवं दूर जायचं आणि उंच जागा गाठायची.

रंग कळतो, बेरीज कळत नाही

यलो, ऑरेंज, रेड. हे रंग आता घराघरात पोहोचलेत. मुलांच्या शाळेला सुट्टी मिळणार का, हेच त्यातून बघितलं जातं, ही गोष्ट वेगळी. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.५ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ धरला जातो. हे आकडे एका दिवसाचे आहेत. गेल्या पाच दिवसांची बेरीज त्यात तुम्हाला दिसत नाही आणि ती आपल्यालाच मनात ठेवावी लागते. सलग चार दिवस ८० मिलिमीटर पडून गेल्यावर येणारा यलो अलर्ट कोरड्या आठवड्यानंतरच्या ऑरेंजपेक्षा तुमच्या ओढ्यासाठी जास्त धोक्याचा असू शकतो.

ही बेरीज करणारी एक यंत्रणा भारतात आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये हवामान खात्याने दक्षिण आशियासाठी अचानक पुराची मार्गदर्शन प्रणाली सुरू केली. नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंकेलाही तिचा उपयोग होतो. साधारण ४ किलोमीटर बाय ४ किलोमीटर इतक्या बारकाव्याने ती जमिनीतल्या ओलाव्याचा अंदाज घेते, आणखी किती पाऊस पडला तर तिथले ओढे-नाले काठ सोडतील हे काढते आणि पुढच्या ६ व २४ तासांचा धोका सांगते. हे इशारे टीव्हीवर फारसे दिसत नाहीत. टीव्हीला ‘ढगफुटी’ हवी असते. तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस लहानशा भागात पडला तर त्याला ढगफुटी म्हणतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक पुरांत ती झालेलीच नसते. मात्र शब्द वापरायला सोपा आहे. सगळा दोष ढगावर टाकता येतो, बुजवलेल्या ओढ्याबद्दल कुणी विचारत नाही.

मोबाइलवर ‘मौसम’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ही दोन अॅप्स ठेवा. ‘सचेत’वर आपण आहोत त्या ठिकाणासोबत दुसऱ्या जिल्ह्याचेही इशारे घेता येतात. तुम्ही बंगळुरूत किंवा इंदूरला आणि आई-बाबा चिपळूणला असतील तर याचा उपयोग तुम्हालाच जास्त आहे. १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक, १०७० राज्याचा आणि ११२ सर्वसाधारण मदतीचा.

घरी पर्जन्यमापक करणं मुलांसाठी सुट्टीतला छान उद्योग आहे. सरळ भिंतींची, सपाट तळाची काचेची बरणी घ्या, बाहेरून पट्टी चिकटवा, वर झाड किंवा पत्र्याची वळचण नसेल अशा मोकळ्या जागी ठेवा. बरणी सरळ असेल तर साचलेल्या पाण्याची उंची हाच पाऊस. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खातं मोजतं त्याच वेळी, आकडा वहीत लिहून बरणी रिकामी करा. गावातल्या शाळेत, सोसायटीच्या गच्चीवर दोन-तीन पावसाळे हे केलं तर आपला ओढा कितव्या बेरजेला फुगतो, हे त्या वहीतून दिसू लागतं. मुंबईला २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७४. शहराच्या आकड्यावर विसंबून आपल्या गल्लीचं भविष्य सांगता येत नाही.

पाणी गुडघ्याएवढंच तर आहे

घराबाहेर पडलेली माणसं घरात थांबलेल्यांपेक्षा अचानक पुरात जास्त सापडतात आणि त्यातली बरीच गाडीत असतात. वाहतं पाणी सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे घोट्याच्या थोडं वर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटारी तरंगू लागतात आणि ६० सेंटिमीटरचा प्रवाह बहुतेक गाड्या ढकलून नेतो, एसयूव्हीसुद्धा. गाडी जितकी मोठी तितका चालकाचा आत्मविश्वास मोठा, हा खरा घोळ आहे. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसतच नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूलच वाहून गेला आणि दोन एसटी बस इतर वाहनांसह नदीत गेल्या.

म्हणून फरशी पुलावरून पाणी जात असेल तर थांबायचं. मागची गाडी हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या. गाडी पाण्यात अडकून तरंगू लागलीच तर आधी काचा खाली घ्या, कारण वीज गेली की त्या हलणार नाहीत, आणि पट्टा सोडून खिडकीतून बाहेर या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर त्या एका चावीने ते कायमचं जातं. असं नुकसान साध्या विम्यात बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

धबधब्यांचंही बोलायला हवं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण, त्यात चार मुलं, एकमेकांना धरून प्रवाहात उभे राहिलेले आणि मग वाहून गेलेले संपूर्ण देशाने मोबाइलवर पाहिले. खाली उभं असताना ऊनही असू शकतं, पाऊस वरच्या डोंगरावर पडत असतो. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, लांबून घरघर ऐकू आली तर चपला, डबे, मोबाइलचा स्टँड तिथेच सोडून मुलांना घेऊन काठावर चढायचं. एक फोटो काढून मग निघू, एवढाही वेळ नसतो.

रात्रीचा प्रश्न

पाणी बरेचदा रात्री येतं आणि निर्णय घ्यायला घरातले सगळे अर्धवट झोपेत असतात. त्यामुळे तो निर्णय दिवसा घेऊन ठेवलेला बरा. संततधार तिसऱ्या-चौथ्या दिवशीही थांबत नसेल तर संध्याकाळीच ठरवा : ओढ्याचं पाणी अमुक पायरीला लागलं की निघायचं, कुणाच्या घरी जायचं, आजींना कोण धरणार, गॅस आणि मेन स्विच कोण बंद करणार. पाणी सॉकेटपर्यंत आल्यावर ओल्या हाताने स्विचबोर्डाला हात लावायचा नाही. कागदपत्रं, औषधं, चार्ज केलेला मोबाइल, टॉर्च आणि पाण्याची बाटली एका पिशवीत घालून माळ्यावर नव्हे, दाराशी ठेवा.

घरातली ज्येष्ठ माणसं बहुधा अडतात ती एका वाक्यावर, की आमच्या हयातीत इथवर कधी पाणी आलं नाही. चिपळूणमध्ये बऱ्याच घरांनी २००५ च्या पुराची खूण भिंतीवर जपली होती आणि सामान त्या खुणेच्या वर चढवलं होतं. २०२१ चं पाणी ती खूण ओलांडून वर गेलं. बाबांशी वाद घालू नका, मावशीकडे दोन दिवस राहून या म्हणा. माणसं धोक्यासाठी घर सोडत नाहीत, मावशीसाठी सोडतात.

शहरात तळघर हा वेगळाच सापळा आहे. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरात एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. तुमचा मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या शहरात शिकत असेल तर त्यांची अभ्यासिका, जिम, होस्टेलची मेस जमिनीखाली आहे का आणि बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, हे एकदा विचारा. पार्किंगमधली गाडी वर काढायला पाणी शिरत असताना खाली उतरू नका.

धरणाखालच्या वस्त्यांनी ‘क्युसेक’ हा शब्दही समजून घ्यावा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, म्हणजे दर सेकंदाला साधारण १० लाख लिटर, आणि पुण्यातल्या एकतानगरीच्या तळमजल्यांवर ते पहाटे पोहोचलं. धरण भरत आलं असेल आणि घाटमाथ्यावर पाऊस लागून असेल तर विसर्गाच्या बातमीची वाट न बघता गाड्या उंच जागी लावाव्यात.

पाणी ओसरल्यावर

ऊन पडलं की सगळे लगेच साफसफाईला लागतात. त्याआधी घराचे आणि सामानाचे फोटो काढा, पंचनाम्याला आणि विम्याला तेच लागतात. वीज जोडायच्या आधी वायरमनकडून तपासून घ्या. विहीर आणि टाकीचं पाणी उपसून, क्लोरिन टाकूनच वापरा, तोवर उकळलेलं प्या. पुराच्या पाण्यात चाललेल्या प्रत्येकाने, विशेषतः पायाला जखम असेल तर, ताप यायची वाट न बघता डॉक्टरांना विचारावं. लेप्टोस्पायरोसिसपासून बचावासाठी द्यायचं औषध पहिल्या ७२ तासांत घेतलं तर उपयोगी पडतं, मात्र कुणाला किती द्यायचं हे वय, गरोदरपण आणि इतर आजारांवर ठरतं.

आणि त्या वहीत बेरीज चालूच ठेवा. पाणी ओसरलं म्हणजे जमीन रिकामी झाली असं नसतं, तिला पुन्हा पाणी घेण्याजोगी व्हायला चांगल्या उन्हाचे काही दिवस लागतात. त्याआधी आलेला मध्यम पाऊससुद्धा ओढा पुन्हा त्याच पायरीपर्यंत आणू शकतो. म्हणून माळ्यावर चढवलेलं धान्य आणि गाद्या इतक्यात खाली उतरवू नका.